टार्क्वाला जाताना: घानातल्या खाणीच्या गावी पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी

माझे वडील तुमसरजवळच्या मँगनीजच्या खाणीत कामाला होते. आमच्या दारात कायम एक काळा, हातात घेतला की वजनाने चकित करणारा दगड पडलेला असायचा. आफ्रिकेत नसुता नावाच्या गावी असाच दगड निघतो, असं ते सांगायचे. ते गाव नकाशावर शोधलं तेव्हा कळलं, की ते घानाच्या पश्चिम भागात टार्क्वा शहराला लागून आहे, आणि टार्क्वा सोन्यासाठी प्रसिद्ध आहे. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी तिथे जाऊन आठवडाभर राहून आले.

निघण्याआधी मराठीत काहीच माहिती मिळाली नव्हती. ज्या चुका माझ्या झाल्या त्या तुमच्या होऊ नयेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

१. आधी गाव कसलं आहे ते समजून घ्या

टार्क्वा पर्यटनाचं ठिकाण नाही. इथे तिकीट काढून बघायचं फारसं काही नाही. हे कामाचं गाव आहे. सकाळी नारिंगी जॅकेट घातलेली माणसं कंपनीच्या बसची वाट बघत उभी असतात, लाल धुळीत ट्रक धावतात, बाजारात कसावा आणि केळ्यांचे ढीग लागतात. तुम्हाला दगड, रेल्वे, खाणी किंवा माणसांच्या राबण्याची गोष्ट समजून घ्यायची ओढ असेल तरच जा. समुद्र आणि किल्लेच बघायचे असतील तर किनाऱ्यावर थांबलेलं बरं.

थोडा इतिहास माहीत असला की गाव उलगडतं. इथे सोनं शतकानुशतकं निघतं, पण यंत्राने खाणकाम सुरू झालं ते १८७०च्या दशकाच्या अखेरीस. जड यंत्रं जंगलातून डोक्यावर वाहून आणणं अशक्य होतं, म्हणून इंग्रजांनी सेकोंडीच्या किनाऱ्यावरून रेल्वे टाकली. ती १९०१ मध्ये टार्क्वाला आणि १९०३ मध्ये कुमासीला पोचली. १९१४ मध्ये नसुताला मँगनीज सापडलं आणि पहिल्या महायुद्धात पोलादासाठी मागणी वाढल्यावर १९१६ पासून ते काढायला लागले. आजही हेच तीन धागे गावात दिसतात: सोनं, मँगनीज आणि रेल्वेचा रूळ.

सोन्याच्या दोन मोठ्या उघड्या खाणी गावाच्या आसपास आहेत. टार्क्वाची खाण गोल्ड फील्ड्स कंपनीकडे १९९३ पासून आहे, आणि इदुआप्रिएमची खाण अँग्लोगोल्ड अशांतीची आहे.

२. महिना नीट निवडा

घानाचा हा नैऋत्य कोपरा देशातला सर्वांत जास्त पावसाचा. एप्रिल ते जुलै मोठा पाऊस, त्यात जून सर्वांत वाईट, मग सप्टेंबर ते नोव्हेंबर दुसरा पाऊस. कोकणातला पाऊस पाहिलेल्याला पावसाची भीती वाटणार नाही, पण इथल्या लाल मातीचे फाटे पावसात चिखल होऊन बसतात आणि निम्मं बघायचं राहून जातं. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. त्या दिवसांत सहाराकडून हरमाटान नावाचा कोरडा वारा येतो, हवेत धूळ असते, ओठ फुटतात. व्हॅसलीनची डबी जवळ ठेवा.

३. लस सगळ्यात आधी, व्हिसा मग

घानात शिरायला पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं. पिवळ्या रंगाची छोटी पुस्तिका असते. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांतच मिळते. तिथे ठरावीक दिवशीच देतात आणि आधी नोंदणी करावी लागते. इथे तीन सापळे आहेत.

पहिला: लस घेतल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं. चार दिवसांवर विमान असताना लस घेऊन उपयोग नाही.

दुसरा: पुस्तिकेवर पासपोर्टचा क्रमांक लिहितात. पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर आधी नवा पासपोर्ट काढा, मग लस घ्या.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा: हे प्रमाणपत्र भारतात परत येतानाही लागतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. एकदा घेतलेली लस आता जन्मभरासाठी ग्राह्य धरतात, त्यामुळे पुस्तिका जपून ठेवा. वय साठच्या पुढे असेल, अंड्याची ॲलर्जी असेल किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय लस घेऊ नका.

मलेरियाचंही त्याच भेटीत विचारून घ्या. घानात वर्षभर मलेरिया असतो आणि तो बहुतांशी फॅल्सिपॅरम जातीचा, म्हणजे घातक. प्रतिबंधक गोळ्या जाण्याआधी सुरू करायच्या असतात आणि परतल्यावरही काही दिवस घ्यायच्या असतात. परत आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा, की मी पश्चिम आफ्रिकेतून आले आहे.

व्हिसासाठी दिल्लीतल्या घानाच्या उच्चायुक्तालयाकडे अर्ज करायचा. नियम बदलत असतात, म्हणून अर्ज भरण्याच्या आठवड्यात तिथली ताजी यादी बघा आणि निदान दीड महिना हाताशी ठेवा. माझ्याकडे होते ते कागद असे:

- निदान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट आणि त्याच्या तीन झेरॉक्स प्रती
- पासपोर्ट आकाराचे फोटो, लागतात त्यापेक्षा चार जास्त
- पीतज्वराची पुस्तिका
- जाण्यायेण्याचं विमानाचं आरक्षण
- हॉटेलचं आरक्षण किंवा यजमानाचं निमंत्रणपत्र
- बँकेचं सहा महिन्यांचं विवरण
- प्रवासविमा, त्यात आजारी माणसाला दुसऱ्या शहरात किंवा मायदेशी हलवण्याचा खर्च धरलेला असावा

४. एक ओळख आणि एक पत्र

सगळ्या लेखातलं हे कलम दोनदा वाचा. खाणीच्या गावात ओळखीशिवाय गेलात तर फाटक, कुंपण आणि धूळ यापलीकडे काही दिसत नाही. मी तिसऱ्या दिवशी एका खाणीच्या फाटकावर नुसती जाऊन उभी राहिले. पहारेकऱ्याने अतिशय नम्रपणे खुर्ची दिली, पाणी दिलं आणि परत पाठवलं. त्याचं काहीच चुकलं नाही. आत स्फोटकं आहेत, शंभर टनांहून जास्त माल नेणारे डंपर आहेत, आणि परक्या माणसाला आत सोडण्याचा अधिकार त्याला नाही.

मार्ग असा. निघण्याच्या दोन महिने आधी कंपनीच्या जनसंपर्क किंवा समाजविकास विभागाला साधं पत्र लिहा: तुम्ही कोण, कशासाठी येताय, किती जण, कोणत्या तारखा. होकार येईलच असं नाही. दुसरा, जास्त खात्रीचा रस्ता म्हणजे गावातलं खाण विद्यापीठ. १९५२ मध्ये तंत्रशाळा म्हणून सुरू झालेली ही संस्था १९६१ मध्ये खाणकाम विद्यालय झाली आणि २००४ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ. भूशास्त्र किंवा खाणकाम शिकवणाऱ्या कुणाला आधी ईमेल केलात, तर गावातली किमान एक व्यक्ती तुम्हाला ओळखत असेल. माझ्या भावाच्या घानियन सहकाऱ्याने तिथल्या एका शिक्षिकेशी गाठ घालून दिली आणि पुढचे चार दिवस सोपे झाले.

५. अक्रा ते टार्क्वा

भारतातून अक्राला, म्हणजे घानाच्या राजधानीला, थेट विमान नाही. मुंबईहून आदिस अबाबा, नैरोबी किंवा दुबई करत जाता येतं. पहिली रात्र अक्रात काढा. उतरल्या पावली तीनशे किलोमीटर रस्त्याने जाऊ नका.

अक्राहून आधी टाकोराडी गाठायचं, साधारण सव्वादोनशे किलोमीटर. त्यासाठी इंटरसिटी एसटीसीची बस बरी. तिकीट आदल्या दिवशी काढा, कारण शुक्रवारी आणि शनिवारी घानातले लोक अंत्यविधींसाठी गावी जातात आणि गाड्या भरलेल्या असतात. सकाळच्या पहिल्या गाडीनेच निघा. अक्राबाहेर कासोआला जी वाहनकोंडी होते तिच्यात दोन तास सहज जातात.

वाटेत एल्मिना लागतं. वेळ असेल तर एक दिवस इथे उतरा. पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधलेला किल्ला अजून उभा आहे. या गावाचं नावच मुळी पोर्तुगीज भाषेतल्या खाण या शब्दावरून आलं आहे. युरोप या किनाऱ्याला आला तो सोन्यासाठी, आणि मग त्याच किल्ल्याच्या तळघरांत माणसं कोंडली गेली. ती तळघरं बघून मग टार्क्वाला गेलं की या सोन्याची किंमत कुणीकुणी मोजली ते नीट समजतं.

टाकोराडीहून टार्क्वा नव्वद किलोमीटरच्या आसपास. आगोना एनक्वांटाच्या फाट्यावरून रस्ता उत्तरेला वळतो आणि रबर, पाम आणि जंगलाच्या मधून जातो. इथे ट्रोट्रो मिळते. आपल्याकडच्या काळीपिवळीसारखाच कारभार: गाडी भरली की निघते, वेळापत्रक नाही. दारात उभा राहून गावाचं नाव ओरडणाऱ्या पोराला ‘मेट’ म्हणतात. मोठ्या बॅगेचे वेगळे पैसे घेतात, ते बसण्याआधी ठरवा.

टॅक्सी घेताना ‘ड्रॉपिंग’ हा शब्द लक्षात ठेवा. ड्रॉपिंग म्हणजे पूर्ण गाडी तुमची, भाडं चौपट. शेअर टॅक्सी हवी असेल तर बसतानाच ‘शेअर्ड’ म्हणा.

अंधारात या रस्त्याने प्रवास करू नका. मी टाकोराडीत जेवत बसले, गाडी उशिरा भरली आणि शेवटचा तास रात्री काढावा लागला. समोरून दिवे नसलेले लाकडाचे ट्रक येत होते. या भागात खाणीची स्फोटकंही रस्त्यानेच नेतात. २० जानेवारी २०२२ ला टार्क्वाच्या पुढे बोगोसोजवळ अपियाट्से गावी अशाच एका ट्रकची मोटरसायकलशी टक्कर झाली, स्फोटात माणसं गेली आणि गाव जवळजवळ पुसलं गेलं. स्फोटकांचा ताफा दिसला, तर ड्रायव्हरला गाडी लांब ठेवायला सांगायला लाजू नका.

रेल्वेचा मोह मलाही होता. पण प्रवासी गाडीच्या भरवशावर बेत आखू नका. रूळ बघायला मिळतील, तेवढ्यावर समाधान माना.

६. पैसा, फोन, वीज

चलन सेडी, आणि एका सेडीचे शंभर पेसेवा. इथे मी एकाही गोष्टीचा दर देत नाही, कारण डिसेंबर २०२२ मध्ये तिथली महागाई ५४ टक्क्यांवर गेली होती आणि जुने दर वाचून गेलेल्यांचे हिशेब कोलमडले. निघायच्या आठवड्यात विनिमय दर बघा.

नव्या, न फाटलेल्या डॉलरच्या नोटा न्या आणि अक्रात अधिकृत फॉरेक्स ब्युरोत बदला. आपलं यूपीआय तिथे गृहीत धरू नका, रुपे कार्डाच्या भरवशावर तर जाऊच नका. व्हिसा कार्ड एटीएममध्ये चालतं. गावात सगळे ‘मोमो’ वापरतात, म्हणजे मोबाइलवरचा पैसा. सिमकार्ड पासपोर्ट दाखवून कंपनीच्या दुकानातूनच घ्या, रस्त्यावरच्या छत्रीखालून नको.

वीज जाते. त्याला तिथे ‘डुमसोर’ म्हणतात, म्हणजे बंद-चालू. पॉवर बँक आणि छोटी बॅटरी जवळ असू द्या. चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर लागेल. पोलिस १९१, रुग्णवाहिका १९३, आणि अक्रातल्या भारतीय उच्चायुक्तालयाचा नंबर कागदावर लिहून ठेवा. फोन बंद पडला की कागदच कामाला येतो.

७. शाकाहाऱ्यांनी काय खायचं

मी अंडी खाते, मासे-मटण नाही. उपाशी राहिले नाही, पण प्रत्येक वेळी विचारावं लागलं. सुकी मासळी इथल्या स्वयंपाकात आपल्या फोडणीसारखी आहे, दिसत नाही पण असते. ‘मांस नको’ म्हटलं तर मासे चालतात असं समजतात. ‘मांस नको, मासे नको, सुकट नको’ असं तिन्ही म्हणा.

रेड-रेड म्हणजे लाल पामतेलात शिजवलेली चवळी आणि सोबत तळलेली पिकली केळी. हे सर्वांत भरवशाचं. वाचे म्हणजे भात आणि चवळी एकत्र, पण वर घालतात ती काळी चटणी, शिटो, तिच्यात सुकी कोळंबी-मासळी असते, ती बाजूला ठेवायला सांगा. केलेवेले म्हणजे आलं-मिरची लावून तळलेले केळ्याचे तुकडे. आणि कोंटोमिरे! ही आपल्या अळूच्याच कुळातली पानं. शिक्षिकेच्या घरी मासळी न घालता, टरबुजासारख्या बियांचं वाटण लावून केली होती. उकडलेल्या याम कंदाबरोबर पहिला घास घेतला आणि मला घरच्या फदफद्याची आठवण आली. रस्त्यावर कोळशावर भाजलेलं केळं आणि शेंगदाणे मिळतात, ते दुपारच्या वेळी पोटभर होतात.

पाणी सीलबंद बाटलीचं किंवा पिशवीचं. नळाचं नको.

खोली आधी ठरवूनच जा. मी सोमवारी पोचले तेव्हा कंत्राटदारांच्या माणसांनी दोन हॉटेलं भरलेली होती. रविवारी मात्र गाव चर्चमध्ये असतं आणि निम्मी दुकानं बंद.

८. माणसांशी वागताना

आधी नमस्कार, मग काम. रस्ता विचारायचा असला तरी ‘मा-अची’ म्हणजे सुप्रभात, किंवा ‘मा-अहा’ म्हणजे दुपारचं नमन म्हटल्याशिवाय प्रश्न विचारू नका. आभार मानायला ‘मेदासे’. डाव्या हाताने काही देऊ-घेऊ नका, हे आपल्याला सांगावं लागत नाही. चार माणसं बसली असतील तर उजवीकडच्या टोकापासून सुरुवात करून प्रत्येकाला अभिवादन करा.

जन्मवार माहीत करून जा. अकान लोकांत प्रत्येकाला वाराचं नाव असतं: शुक्रवारचा कोफी, शनिवारचा क्वामे, रविवारची अकोसुआ. बाजारात कंद विकणाऱ्या आजींनी माझा वार विचारला. मंगळवार म्हणताच त्या म्हणाल्या, मग तू अबेना. आमच्या भंडाऱ्याकडच्या खेड्यांत मंगरू, बुधराम, सुकराम अशी नावं असतात, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ती तिन्ही नावं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतली आणि शेजारणीला हाका मारून ऐकवली. त्या दिवसापासून बाजारात मी अबेनाच होते.

खेड्यात जाऊन लोकांशी बोलायचं किंवा फोटो काढायचे असतील तर आधी गावप्रमुखाला, ओडिक्रोला, भेटायचं. जाताना श्नॅप्स दारूची बाटली न्यायची पद्धत आहे. ती पूर्वजांना अर्पण करतात. प्रमुखाशी थेट बोलायचं नाही, त्याच्या प्रवक्त्यामार्फत बोलायचं. समोर पायावर पाय टाकून बसायचं नाही. टोपी-गॉगल काढायचा.

९. बघायचं काय

पहिली गोष्ट दगड. इथलं सोनं ‘बँकेट’ नावाच्या खडकात असतं. शिक्षिकेने विभागातला एक तुकडा माझ्या हातात ठेवला. शेंगदाण्याच्या चिक्कीसारखा दिसतो: करड्या दगडात गारगोटीचे पांढरे गोटे घट्ट बसलेले. हे गोटे कधीकाळी नदीच्या पात्रात गोल झालेले. सोनं त्या गोट्यांत नाही, मधल्या बारीक रेतीत आहे, आणि डोळ्यांना दिसत नाही. एक टन दगड फोडला की साधारण एखादा ग्रॅम. माझ्या अंगठीकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, किती ग्रॅम? मी म्हटलं, चार. म्हणजे चार टन, त्या म्हणाल्या. त्यानंतर गावाबाहेरचे टेकड्यांएवढे दगडांचे ढीग मला वेगळे दिसायला लागले.

दुसरी गोष्ट नसुता. आत परवानगीशिवाय जाता येत नाही, पण रूळ, मालगाडीचे डबे आणि काळपट धूळ बाहेरूनही दिसते. जुन्या काळी इथे काळं ऑक्साइड निघायचं, हात काळे करणारं. आता मुख्यतः कार्बोनेटचं खनिज निघतं आणि टाकोराडी बंदरातून जहाजावर चढतं. रुळाच्या बाहेर पडलेला एक खडा मी उचलून तळहातावर तोलून पाहिला आणि तिथेच ठेवला. वजन तेच, आमच्या दारातल्या दगडाचं.

तिसरी गोष्ट बाजार. त्याला दोन सकाळी द्या.

खाणीजवळच्या वस्त्यांत स्फोटाची वेळ फळ्यावर लिहिलेली असते. भोंगा वाजला की स्थानिक लोक सांगतील तिथे थांबा. खाणीची फाटकं, पोलिस, सैनिक आणि विमानतळ यांचे फोटो काढू नका. माणसांचे फोटो विचारूनच.

१०. गलामसेपासून लांब राहा, सोनं विकत घेऊ नका

‘गलामसे’ म्हणजे बेकायदा छोट्या खाणी. ‘गॅदर देम अँड सेल’ या इंग्रजी शब्दांवरून हा शब्द आला. कुणीतरी तुम्हाला ‘खरी खाण दाखवतो’ म्हणून तिकडे न्यायला तयार होईल. जाऊ नका. खड्डे आधाराशिवाय खणलेले असतात आणि ढासळतात, सोनं वेगळं करायला पारा उघड्यावर वापरतात, आणि सैनिकांची धाड पडली तर परदेशी माणूस आधी पकडला जातो. २०१३ मध्ये अशा कारवाईत चार हजारांवर चिनी नागरिकांना परत पाठवलं होतं. २००६ च्या खाण कायद्यानुसार छोटं खाणकाम फक्त घानाच्या नागरिकांसाठी राखीव आहे.

अंकोब्रा नदीच्या पुलावर मात्र दोन मिनिटं उभ्या राहा. पाणी दुधाच्या चहासारखं दिसतं. तिथली पोरं या धंद्यात का उतरतात हेही समजून घ्या: कंपनीच्या यंत्रांना माणसं थोडी लागतात, आणि कोकोच्या शेतीपेक्षा खड्ड्यात रोकड पटकन मिळते. त्यांना चोर ठरवून परत येऊ नका.

आणि सोनं. हॉटेलात, टॅक्सीत, चर्चबाहेर कुणी स्वस्त सोन्याची पूड किंवा लगड दाखवली तर नम्रपणे नाही म्हणा. बहुतेक वेळा ती फसवणूक असते. खरी असली तरी गुन्हा आहे. १ मे २०२५ पासून परदेशी लोकांना तिथल्या स्थानिक सोनेबाजारात खरेदी-विक्री करायला बंदी आहे आणि सगळा व्यवहार गोल्डबोड या सरकारी मंडळामार्फत चालतो. ‘थोडं तुमच्या बॅगेतून मुंबईला न्या’ असं म्हणणारा तर तुम्हाला थेट तुरुंगात पाठवेल, मग तो मराठी बोलणारा असला तरी.

११. परतताना

बुटांच्या तळव्यांची लाल माती तिथेच ब्रशने धुऊन काढा. दगड, खनिजाचे तुकडे बॅगेत घालू नका. विमानतळावर त्यांचा खुलासा करत बसावं लागतं. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत अक्रात पोचा, कासोआची कोंडी उलट दिशेलाही तेवढीच असते.

पीतज्वराची पुस्तिका हातातल्या पिशवीत, पासपोर्टच्या आत ठेवा. मी ती मोठ्या बॅगेत टाकली होती. मुंबईत आरोग्य तपासणीचा टेबल सामानाच्या पट्ट्याच्या आधी येतो.